‘निपुत्रिक’ : कुलवृत्तांतातील एका शब्दाची तपासणी

माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, माहेरच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत मला रद्दीच्या दुकानात मिळाला. पणजोबांच्या नोंदीत शिक्षण, नोकरी, बदल्या, दोन विवाह, चार मुलगे असे सगळे आहे. पहिल्या पत्नीबद्दल मात्र एवढेच : ‘ही निपुत्रिक वारली.’ माझी आजी याच बाईची मुलगी. मग मी हा लेख लिहायला आलो कुठून?

कुलवृत्तांतांबद्दल मला आदर आहे. कोकणातून देशावर, पुढे इंदूर-बडोद्यापर्यंत पांगलेली घराणी संपादकांनी पत्रे लिहून, माहिती मागवून, पुष्कळदा पदरमोड करून एका पुस्तकात आणली. स्थलांतराच्या अभ्यासकाला हे साधन सोन्यासारखे आहे. पण माहिती पाठवणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष. वंशवृक्षाच्या फांद्या मुलग्यांच्याच. मुलगी ‘अमक्या गावच्या तमक्यांस दिली’ इथे संपते. सून येते ती नवे नाव घेऊन. लग्नात आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची आपली रीत. त्यामुळे एका पुस्तकातली लेक आणि दुसऱ्या पुस्तकातली सून एकच, हे ओळखायला बापाच्या नावाचाच आधार घ्यावा लागतो. गंमत अशी, की श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही, मातामही यांची नावे कर्त्याला उच्चारावी लागतात. दर्भ हातात असताना जी नावे लागत, ती छापताना गळली.

आजी सांगायची, तिची आई मानमोडीत गेली आणि ती स्वतः आजोळी वाढली. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्याची मोठी लाट मुंबई इलाख्यात त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आली. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावचा गाव नमुना १४ पाहायला मिळवला. जन्म-मृत्यूच्या या नोंदवहीलाच कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे. लिपी मोडी. ती मी चाळिशीनंतर शिकलो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. दोन पानांना अख्खी दुपार गेली. ऑक्टोबरात एक जन्म : बापाच्या रकान्यात पणजोबा, मूल ‘स्त्री’, नावाची जागा कोरी. अकरा दिवसांनी मृत्यू : त्यांचीच बायको, वय एकोणीस, कारण ताप. मधल्या ओळींतही ताप, ताप, ताप. जन्माच्या नोंदीत आईचे नाव नाही. त्यामुळे सांधा मी तारखा आणि आजीचे बोलणे यांवरून जुळवला आहे. माझ्या मते तो पक्का आहे.

मग वृत्तांतातला शब्द खोटा म्हणायचा का? अक्षरशः घेतला तर नाही. पुत्र झाला नाही, म्हणून निपुत्रिक. वाचणारा मात्र ‘मूलबाळ नव्हते’ असेच समजणार, आणि रूढ अर्थही तोच. संपादकाने लबाडी केली असे मला वाटत नाही. माहिती पाठवणारा दुसऱ्या पत्नीचा मुलगा असावा. मामाकडे वाढलेली सावत्र बहीण त्याच्या हिशेबात कधी आलीच नसेल.

या वृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. संपादकांना मी दोन्ही नोंदींचे देवनागरी लिप्यंतर पाठवले. मुलींच्या शाखा घेतल्या तर पुस्तक दुप्पट होईल, असे उत्तर आले. होईलच. पण मी शाखा मागितलेली नाही. तो शब्द काढून तिथे ‘एक कन्या’ छापा, एवढेच पुन्हा कळवले आहे.