ध्वनिजाणीव आणि वाचनविकास : ब्रॅडली-ब्रायंट यांच्या संशोधनाचे पुनर्वाचन

लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांचा ऑक्सफर्ड येथील अभ्यास १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अद्याप वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना तीन-चार शब्द ऐकवून त्यांतील वेगळ्या ध्वनीचा शब्द ओळखण्यास सांगण्यात आले. ज्यांना हे साधले, ती पुढे वाचनात व शुद्धलेखनात सरस ठरली. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे जाणून संशोधकांनी या कौशल्यात मागे असलेल्या ६५ मुलांवर दोन वर्षे प्रशिक्षणाचा प्रयोगही केला. अभ्यासाचे खरे मोल येथे आहे.

मात्र त्यांच्या निष्कर्षाच्या मानाने पुरावा तोकडा आहे. केवळ ध्वनींचे वर्गीकरण शिकलेला गट आणि शब्दांचे अर्थानुसार वर्गीकरण शिकलेला गट यांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. अर्थगटाहून लक्षणीय सरस ठरला तो ध्वनींबरोबर प्लास्टिकची अक्षरे हाताळणारा गट. केवळ अक्षरे शिकवलेला गट तर प्रयोगात नव्हताच! मग हे यश ध्वनींचे, अक्षरांचे की दोहोंच्या सांगडीचे? अक्षरांचा हा वाटा मराठीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण मराठी बालकाला ‘क’ भेटतो तो ‘अ’ स्वरासह, सुटे व्यंजन म्हणून नव्हे.