सूचक शब्द, समस्यापूर्ती आणि चौथा प्रहर

दिलेल्या शब्दावरून, वाक्यावरून किंवा चित्रावरून रोज शंभर शब्दांची कथा लिहावी आणि त्यातून लेखनाची सवय अंगी बाणावी, ही पद्धत आता मराठीतही स्थिरावली आहे. इंग्रजीत ‘फ्लॅश फिक्शन’ हे नाव १९९२ मधील त्याच शीर्षकाच्या कथासंग्रहामुळे रूढ झाले. मराठीत ‘अलक’, म्हणजे अतिलघुकथा, हे नाव त्यानंतर बऱ्याच काळाने आले. या पद्धतीची हेटाळणी करण्याचे कारण नाही. ‘काय लिहावे’ हा प्रश्न दुसऱ्याने सोडविला की ‘कसे लिहावे’ याकडे वळता येते, आणि नवोदिताचा बराचसा आळस म्हणजे विषयनिवडीचे भयच असते.

प्रतिभेला केवळ स्फूर्तीचा विषय मानणाऱ्या रोमँटिक समजुतीला असा सराव यांत्रिक वाटतो. संस्कृत काव्यशास्त्राला तो तसा वाटला नव्हता. दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करण्याची समस्यापूर्ती हा तेथे कविशिक्षणाचाच भाग होता. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘कविकण्ठाभरणा’त समस्यापूरणाचा उपदेश केला आहे, शिवाय नवशिक्याने आधी अर्थशून्य शब्दांनी वृत्त भरून पाहावे, असेही सुचविले आहे. अर्थशून्य रचनेला कविता समजण्याची चूक कोणी करणार नाही, ही या उपदेशातील खरी खोच.

त्याच्या आधीच्या शतकातला राजशेखर याहून नेमका आहे. ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात त्याने कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला आहे: पहिल्या प्रहरी विद्यांचे अध्ययन, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना, भोजनोत्तर तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी आणि समस्या, चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची परीक्षा. समस्येची ही जागा लक्षणीय आहे. रचनेचा प्रहर संपल्यावर, जेवणानंतरच्या गोष्ठीत ती येते. परीक्षेचे कारणही राजशेखर देतो: रसावेशात रचना करणाऱ्या कवीला विवेकाची दृष्टी नसते. म्हणून अधिक ते काढावे, उणे ते भरावे, अस्थानी पडलेले हलवावे.

आजच्या दैनंदिन अलकलेखनात दुसरा आणि तिसरा प्रहर एकत्र झाले आहेत व चौथा नाहीसा झाला आहे. सकाळी शब्द येतो, दुपारी कथा होते, संध्याकाळी ती भ्रमणध्वनीवरून वाचकांपर्यंत पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी नवा शब्द. परिणाम रचनेत दिसतो. ‘किल्ली’ हा शब्द दिला की शेवटच्या वाक्यात वृद्धाश्रमाचे दार उघडते. (‘उंबरठा’ दिला तरी बहुधा तेच दार.) दिलेल्या शब्दाचा दुसरा अर्थ अखेरीस उघड करणे हेच कथेचे रचनातत्त्व ठरते, आणि लेखनाच्या नावाखाली कलाटणीची सवय जडते.

चौथ्या प्रहराला येथे पुष्कळ काम आहे. ‘किल्ली’वरील कथेतून किल्ली हा शब्दच काढून टाकला तर काय उरते, हे पाहता येईल, कलाटणीचे वाक्य गाळून म्हाताऱ्याचा हात, कुलूप आणि गंज एवढेच ठेवता येईल. त्यासाठी नव्या शब्दाचा एखादा दिवस मात्र सोडावा लागेल.