अपविद्ध पुत्र : मराठी कर्णकथा आणि टाकलेल्या मुलाचा कायदा

मराठी साहित्यात टाकून दिलेल्या मुलाचा विषय निघाला की चर्चा बहुधा कर्णापाशी येऊन थांबते. वि. वा. शिरवाडकरांचे 'कौंतेय' (१९५३), शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाईंची 'राधेय' (१९७३) ह्या तीन कृतींच्या नुसत्या शीर्षकांतही एक वाद दडलेला आहे. पहिले नाव जन्मदात्रीचे, तिसरे संगोपन करणाऱ्या आईचे. मधल्या नावाने हा प्रश्नच टाळला आहे. परंतु तिन्ही कृतींतील करुणा एकाच गृहीतावर उभी आहे : मुलाची आई कोण, हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. कवचकुंडले अंगावर घेऊन नदीत सोडलेल्या मुलाचे कुळ पात्रांपासून लपलेले असले तरी वाचकापासून लपलेले नसते. बीड जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या शिवेवर पहाटे सापडलेल्या तान्ह्या मुलीला असा सर्वज्ञ वाचक नसतो. तिचे कुळ कोणालाच ठाऊक नाही, आणि पुढे ते उघडकीस येईल अशी कथानकाची हमीही नाही. कर्णकथेच्या मापाने तिचे दुःख मोजू गेले असता मापच अपुरे पडते.

ह्याबाबतीत मूळ महाभारत आधुनिक कादंबऱ्यांपेक्षा अधिक काटेकोर आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला वळविण्यासाठी जो युक्तिवाद करतो तो शुद्ध कायद्याचा आहे : कुमारी अवस्थेत झालेला कानीन पुत्र हा तिच्याशी पुढे विवाह करणाऱ्याचा पुत्र होय; म्हणून कर्ण पांडूचा ज्येष्ठ पुत्र ठरतो. कर्णाचे उत्तर केवळ भावनेचे आहे असे समजण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तेही कायद्याचेच उत्तर आहे. अधिरथाने जातकर्म केले, वसुषेण हे नाव ठेवविले, विवाह करून दिले. राधेने मलमूत्र काढले. हे सर्व संस्कार व कृत्ये तो पुराव्यादाखल मांडतो. धर्मशास्त्रात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. मातापित्यांनी टाकलेला आणि दुसऱ्याने पुत्र म्हणून स्वीकारलेला तो 'अपविद्ध'. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अपविद्धाची गणना दायाद व बांधव अशा पहिल्या सहांत आहे, तर कानीन दुसऱ्या सहांत, म्हणजे बांधव परंतु दायाद नव्हे अशांत, येतो. मनूच्या ह्या वर्गवारीने पाहता सूताच्या घरी कर्णाचा वारसा निर्विवाद आहे. राजघरी तो तसा नाही. टाकलेल्या मुलाला वाढविणाऱ्याच्या घरात पूर्ण हक्क देणारी ही कल्पना प्राचीन शास्त्रात होती, एवढे येथे पुरे.

हा मुद्दा आधुनिक कर्णकथांच्या हातून निसटला. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. शोणाच्या रूपाने सूतगृहाला वाणी मिळाली आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि राधा स्वतः बोलत नाही. कुंतीचा पश्चात्ताप विस्ताराने ऐकू येतो, परंतु सापडलेले मूल घरात घेताना त्या घरात काय घडले, हे वाढविणाऱ्या स्त्रीच्या मुखातून येत नाही. सावंतांच्या शैलीचे वैभव कोणी नाकारणार नाही. पण तिची सारी झळाळी सूर्यपुत्रासाठी आहे. सूर्याचा नसलेला, कोणाचाच नसलेला कर्ण ह्या शैलीला पेलला असता काय, ही शंका राहतेच.

नंतरच्या निबंधकारांनी कलियुगात औरस व दत्तक ह्यांखेरीज इतर पुत्र वर्ज्य मानले, आणि अपविद्ध शास्त्रातून बाहेर पडला. दत्तकासाठी देणारा लागतो, आणि तो पिता किंवा माता असावा लागतो. ज्याचे मातापिता अज्ञात आहेत, त्याला देणार कोण? त्यामुळे सर्वाधिक निराधार मूलच दत्तकविधानास अपात्र ठरले. समाजसुधारकांनी हे कोडे कृतीने सोडविण्याचा प्रयत्न केला. जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलास, यशवंतास, पुढे दत्तक घेतले. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या प्रयत्नाने बालकाश्रम उभा राहिला. कायदा मात्र मागेच राहिला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने पालकाला मूल दत्तक देण्याची मुभा दिली ती मातापिता मृत, संन्यस्त वा न्यायालयाने विकलमनस्क ठरविलेले असतील तरच. 'ज्याचे मातापितृत्व ज्ञात नाही' हे शब्द त्यात १९६२ च्या दुरुस्तीने आले. पंढरपूरच्या आश्रमानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी आलेले ते चार शब्द!

आजचा मुख्य कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय अधिनियम. मूल सापडल्यास चोवीस तासांत कळविण्याचे बंधन, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करणे, जन्मदात्यांचा शोध, आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलास दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यास चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करणे, हा त्याचा क्रम आहे. दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्याकडे गेला. कायद्याची भाषा सुबोध आहे. तिच्या डोळ्यांसमोरची आई मात्र एका जागी राहणारी आहे, आणि बीडसारख्या जिल्ह्यात हे गृहीत टिकत नाही. दसरा-दिवाळीनंतर येथील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. मूल स्वेच्छेने समितीच्या स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिले आहेत. ते दोन महिने हंगामात आले तर तिचा फेरविचार फडातच संपतो. बीडला परत यायचे तर कोयता मोडतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी तुटते आणि उचल अंगावर राहते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या, तेथे टाकलेल्या मुलीचा प्रश्न हा प्रथमतः जिवंत राहिलेल्या मुलीचा प्रश्न आहे, हेही विसरता येत नाही.

दंडाच्या तरतुदींत तर दोन आवाज ऐकू येतात. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ म्हणते की, जन्मदात्यांनी आटोक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडले असल्यास ते बुद्धिपुरस्सर नाही असे गृहीत धरावे. पण ही सवलत त्या कलमापुरतीच आहे. बारा वर्षांखालील मुलाला टाकून देण्याबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३१७ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ९३ झाले. त्याच्या शब्दांत असा अपवाद नाही. मूल सुरक्षित जागी ठेवून जाणारी आणि उकिरड्यावर टाकणारी ह्यांच्यातील भेद ह्या कलमाला दिसत नाही.

आश्रय म्हणजे हक्क नव्हे, हे मराठी नाटकाने कायद्यापेक्षा स्पष्टपणे दाखविले आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) ह्या नाटकाची चर्चा बेणारेबाईंवरील भ्रूणहत्येच्या आरोपाभोवती फिरते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच अभिरूप न्यायालयात बाळू रोकडे उभा आहे. निपुत्रिक काशीकर दांपत्याने त्याला वाढविले, शिकविले. पुत्र केले नाही. तो उपकाराखाली वाकलेला असून प्रत्येक वाक्य बोलण्यापूर्वी मालकिणीच्या मुद्रेकडे पाहतो. न जन्मलेल्या मुलाचा निवाडा करणाऱ्या न्यायाधीशाच्या घरात जन्मलेल्या मुलाला कोणते स्थान आहे, हे तेंडुलकरांनी एका दुय्यम पात्रातून सांगितले आहे. समीक्षेने बाळूला हास्यपात्र मानून त्याच्याकडे दुर्लक्ष केले, ही तिची मोठी चूक होय.

दत्तक गेलेल्या मुलाला २०१५ चा अधिनियम नव्या घरचे अपत्यत्व पूर्णपणे देतो. त्या अर्थी अपविद्ध परत आला. न गेलेल्याची अवस्था बाळूपेक्षा फारशी वेगळी नाही. अठराव्या वर्षी संस्था सुटते, अनुरक्षण एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत फार तर तेविसाव्यापर्यंत. ३ डिसेंबर २००४ पासूनच्या जन्मांसाठी नागरिकत्वाचा कायदा मातापित्यांचे नागरिकत्व विचारतो. सापडलेल्या मुलाविषयी तो मौन आहे. सापडलेले मूल त्या देशातील नागरिकांचेच मानावे, असे सांगणाऱ्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत पक्षकार नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले, हे धाडसाचे पाऊल खरे. परंतु पुढच्या फेरबदलांत नातेवाइकांकडे वाढलेली, कुळ व जात ठाऊक असलेली मुलेही त्याच एका टक्क्यात आली, आणि अज्ञात कुळाच्या मुलाचा वाटा आकुंचित झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करणाऱ्या शासननिर्णयाने अनाथांना त्यातून सूट दिली आहे. सूट म्हणजे तो रकाना रिकामा ठेवण्याची परवानगी; अधिरथाने ठेवविलेल्या वसुषेण ह्या नावापुढे मात्र राधेचे नाव लागले होते.