कर्ण जगला असता तर : ‘मर्टाग’विषयी थोडेसे

इंग्रजीतील एका ड्रॅगनकथेचे परीक्षण या अंकात कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आमच्या घरांतच आहे. दाना ओलीतल्या जुन्या मराठी घरांत आज आजोबांच्या कपाटात ‘मृत्युंजय’ असते आणि नातवाच्या टेबलावर पंख पसरलेल्या सरड्याचे चित्र असलेला जाडजूड इंग्रजी ग्रंथ. दोघेही एकमेकांचे पुस्तक उघडून पाहत नाहीत. आम्ही ते उघडून पाहिले, आणि वाचून झाल्यावर आमचे मन एका बाजूला ठरेना. त्या दुहेरी मनाचा हा हिशेब.

क्रिस्टोफर पाओलिनी यांची ‘मर्टाग’ ही सुमारे सातशे पृष्ठांची कादंबरी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या मालेत ती मोडते तिचा आरंभ ‘एरागॉन’ने झाला. पाओलिनींनी हा पहिला भाग वयाच्या पंधराव्या वर्षी लिहावयास घेतला. २००२ मध्ये आईवडिलांनी तो घरच्या घरी छापला आणि पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने उचलला. माला तीन खंडांची ठरली होती, ती वाढून चारांची झाली आणि २०११ मध्ये संपली. दुष्ट राजा गॅल्बटोरिक्स मेला, शेतकऱ्याघरी वाढलेला एरागॉन आपल्या निळ्या ड्रॅगनिणीसह देशांतराला गेला. संपलेली कथा बारा वर्षांनी पुन्हा उघडणे हे नेहमीच संशयास्पद असते. येथे मात्र ती नायकासाठी उघडलेली नाही, त्याच्या सावत्र भावासाठी उघडली आहे.

या प्राण्याला मराठीत शब्द नाही, हे आधी मान्य करू. ‘अजगर’ म्हणावे तर तो सुस्त, आणि ‘व्याल’ म्हणावे तर तो देवळाच्या भिंतीवरून खाली उतरत नाही. आपला नाग धनावर बसतो, पृथ्वी तोलतो, डूख धरतो. पण तो आग ओकत नाही आणि पाठीवर स्वार घेऊन उडत नाही. तरीही ग्वाल्हेरकरांना ही कल्पना इतरांहून कमी परकी वाटावी. शिंद्यांच्या राजचिन्हावर नाग आहेत. आणि येथून फार दूर नसलेल्या पवाया गावी, म्हणजे भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तील पद्मावती नगरीत, नाग राजांनी एके काळी राज्य केले. मोठ्या सर्पाचा वरदहस्त आणि राजसत्ता यांची सांगड आमच्या मातीला नवी नाही. असो, आम्ही ‘ड्रॅगन’ हाच शब्द ठेवतो.

मर्टागची जन्मकथा मराठी वाचकाने ऐकली की तो लगेच म्हणेल, हा तर कर्ण. एरागॉन आणि मर्टाग यांची आई एक, पिता वेगळे. धाकट्याच्या वाट्याला आईने निवडलेले घर आणि प्रेमळ मामा आला, तर थोरला वाढला शत्रूच्या दरबारात. युद्धात दोघे समोरासमोर उभे राहिले आणि रक्ताचे नाते उशिरा उघड झाले. शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलते केले, त्याला बराच काळ लोटला, तरी मराठी घरांत ते बोलणे थांबलेले नाही. पाओलिनींनी केले ते याच जातीचे काम आहे: विजेत्यांच्या गोष्टीत जो बाजूला पडला त्याला मध्यभागी आणणे.

फरक असा, की कर्ण रणात पडतो आणि मर्टाग उरतो. आम्हांला या पुस्तकाचे खरे मोल येथे वाटते. कर्णाला मरणाने मोकळे केले. त्याचे अपराध आणि त्याच्यावरचे अन्याय एकाच चितेवर गेले. तो जगला असता तर युद्धानंतर हस्तिनापुरात त्याने कोणत्या तोंडाने वावरावे, हा प्रश्न आपल्या कादंबरीकारांना सोडवावा लागला नाही. पाओलिनींपुढे तोच प्रश्न आहे. युद्ध संपून वर्ष झाले आहे. मर्टागने बटूंच्या राजाला मारले आहे; वृद्ध गुरू ओरोमिसचा वध त्याच्याच हातून झाला आहे, आणि त्या गुरूचा सोनेरी ड्रॅगन मर्टागच्या थॉर्नने मारला आहे. पण तेव्हा मर्टाग आणि थॉर्न दोघेही गॅल्बटोरिक्सने घ्यायला लावलेल्या शपथांनी बांधलेले होते. ओरोमिसच्या वधावेळी तर हात मर्टागचा आणि इच्छा राजाची, अशी स्थिती होती. मग पाप कोणाचे?

या जगात एक प्राचीन भाषा आहे. तिच्यात खोटे बोलता येत नाही, आणि तिच्यात घेतलेली शपथ माणसाला खरोखरच जखडते. प्रत्येकाचे एक खरे नाव असते. ते ज्याला कळले त्याच्या हाती तो माणूस जातो. मर्टाग सुटला तो बंड करून नव्हे. नासुआडावरच्या प्रेमाने त्याचे अंतरंग पालटले, म्हणून त्याचे खरे नाव बदलले आणि जुन्या शपथा गळून पडल्या. ही कल्पना मागच्या खंडांतली असली तरी तिचा जाब या खंडात विचारला जातो: नाव बदलले, पण लोकांच्या तोंडी जे जुने नाव आहे त्याचे काय? त्यांच्या लेखी तो अजून फितूरच आहे. १८५८ च्या जून महिन्यात ज्या शहरात राजा एका बाजूला आणि त्याचे सैन्य दुसऱ्या बाजूला गेले, त्या शहरातल्या घराण्यांना निष्ठेचा हा पेच समजावून सांगावा लागू नये. कोणाचे अन्न, कोणाची आज्ञा, कोणाची मर्जी, हे प्रश्न आमच्या पूर्वजांनी पुस्तकात वाचले नव्हते.

कादंबरीचा पूर्वार्ध आम्हांला मनापासून आवडला. मर्टाग वेष पालटून शहरांत शिरतो आणि थॉर्न बाहेर रानात वाट पाहतो. त्यांचे संभाषण मनातल्या मनात चालते, आणि ते एका थकलेल्या घरातल्या दोन माणसांसारखे आहे. प्रेम आहे, कुरकुर आहे, न बोललेलेही पुष्कळ आहे. थॉर्नला अरुंद जागेची भीती वाटते. राजाने त्याला कोंडून, छळून, मंत्राने अकाली वाढवले. देह पर्वतासारखा झाला, पण आत भेदरलेले पोर राहिले. एवढा बलाढ्य प्राणी दोन भिंतींमध्ये जाताना थरथरतो, आणि सर्व मंत्रविद्या हाताशी असून मर्टागला ती भीती एका शब्दाने घालवता येत नाही. अद्भुतकथेत लेखकाने चमत्कार जवळ असताना तो न वापरणे, याला आम्ही संयम म्हणतो.

गिलीड शहरातल्या प्रकरणाविषयी मात्र आमचे मन दुभंगते. मर्टागला एक माहिती हवी असते. त्यासाठी एका हरवलेल्या मुलीला सोडवायचे, त्यासाठी पहारेकऱ्यांत भरती व्हायचे, त्यासाठी तळ्यातला राक्षसी मासा मारायचा. ही उतरंड संगणकावरच्या खेळातली वाटते. एक पायरी चढली की दुसरी समोर. पण त्याच उतरंडीच्या मधल्या मडक्यात या कादंबरीतला सर्वांत अस्सल प्रसंग ठेवलेला आहे. त्या माशाला भुलवायला ड्रॅगनचा खवला लागतो, आणि मर्टाग तो आणायला जातो तो थॉर्नने मारलेल्या त्याच सोनेरी ड्रॅगनच्या समाधीकडे. ज्याला मारले त्याच्याकडेच मागायला जाणे! येथे लेखकाने शब्द आवरते ठेवले आहेत, आणि तेवढ्यासाठी माशाची सगळी भाकडकथा आम्ही सोसली.

उत्तरार्ध सोसवत नाही. उत्तरेकडच्या डोंगरात स्वप्ने पाहणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्याची प्रमुख भाकिते सांगणारी एक स्त्री आहे, जमिनीतून झिंग आणणारे धूर निघतात. मर्टाग पुन्हा पकडला जातो, पुन्हा त्याची इच्छाशक्ती मोडण्याचा प्रयत्न होतो, पुन्हा शपथेची मागणी होते. ही पुनरावृत्ती हेतुपूर्वक आहे हे आम्हांला कळते. माणसाची जुनी जखम पुन्हा उघडून तो या वेळी कसा वागतो हे लेखकाला पाहायचे आहे. पण पाहायला शंभर पाने पुरली असती. त्यातून पंथाचे तत्त्वज्ञान धुरासारखेच धूसर. कैदेतला सोबती, उर्गल जमातीतला उवेक, एवढाच काय तो जिवंत; त्याच्या थोडक्या, जडशीळ बोलण्याने ही पाने तरतात.

श्योपूरला १९१७ मध्ये एका मराठी घरात जन्मलेल्या आणि हिंदीत लिहिणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांनी या बाबतीत मार्मिक विवेचन केले आहे. त्यांच्या मते आधी उत्कट अनुभव येतो, मग तो आपल्या वेदनेच्या मुळापासून सुटून डोळ्यांसमोर फँटसी होऊन उभा राहतो, आणि शेवटी तिला शब्द मिळतात. मुळापासून सुटली तरी फँटसीच्या अंगावर त्या मुळाचा रंग राहिला पाहिजे. ‘मर्टाग’च्या पूर्वार्धात तो रंग आहे. उत्तरार्धात जमिनीखाली झोपलेला अझ्लागूर नावाचा अतिप्रचंड ड्रॅगन सूचित होतो तेव्हा मर्टागच्या वेदनेशी त्याचे नाते आम्हांला शोधावे लागले. तो येतो पुढच्या खंडाची सोय म्हणून. ही सोय देवकीनंदन खत्रींनाही ठाऊक होती. ‘चंद्रकांता’नंतर ‘संतति’चे चोवीस भाग आले, आणि ‘भूतनाथ’ त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने पुरा केला. आमच्या आधीच्या पिढीने ते सारे तहानभूक विसरून वाचले, त्यामुळे नातवांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही. पण खत्रींच्या ऐयारांना आपण कोण आहोत हा प्रश्न पडत नाही. मर्टागला पडला आहे, आणि पडल्यावर त्याला पुढच्या खंडापर्यंत ताटकळत ठेवणे आम्हांला रुचले नाही.

राहता राहिली नासुआडा. जिच्यामुळे नाव बदलले ती स्त्री, आता राणी, जिचा मर्टागनेच राजाच्या आज्ञेने छळ केला होता, ती पुस्तकात जेमतेम शेवटी भेटते. छळणारा आणि छळ सोसलेली यांनी एका खोलीत समोरासमोर बसावे, कोणी मंत्र म्हणू नये, कोणी ड्रॅगनवर चढू नये, असे एक प्रकरण आम्ही सातशे पाने शोधत होतो. ते या खंडात नाही. ते लिहिले गेले, तर पुढचा खंड आम्ही नातवाच्या आधी वाचू.