वहिवाट आणि मालकी : चिकपेटेच्या निमित्ताने

'पेठ' हा शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या वापरातला आहे. 1537 मध्ये केंपेगौडाने बंगळूर वसविले तेव्हा दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे दोन रस्ते परस्परांना छेदतील अशी त्याची आखणी होती, असे परंपरा सांगते. त्या छेदबिंदूभोवती तांदळाची अक्कीपेट, बांगड्यांची बळेपेट, कुंभारांची कुंबारपेट अशा व्यवसायांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पेठ एकेका धंद्याची, परंतु रस्ता आणि तळे मात्र अनेकांच्या उपयोगाचे, अशी ही रचना होती. 1638 मध्ये हे नगर विजापूरकरांकडून शहाजीच्या जहागिरीत आले आणि पुणे व बंगळूर ही दोन पेठांची शहरे काही काळ एकाच घराण्याच्या सत्तेखाली नांदली. नगरजीवनातील सामाईकतेचा मराठी वाङ्मयाने कसा विचार केला, हा प्रश्न चिकपेटेच्या चौकातून विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

शहाजीच्या बंगळुरी दरबाराचा वाङ्मयीन साक्षीदार म्हणजे जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू'. राजवाड्यांनी तो 1922 मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रकाशित केला. संस्कृत, प्राकृत, कानडी, फारसी अशा अनेक भाषांतील रचना या ग्रंथात एकत्र नांदतात. या बहुभाषिकत्वाचा गौरव यथार्थच आहे. तथापि त्यावरून भाषांचे समान स्वामित्व सिद्ध होत नाही. येथे भाषा अनेक असल्या तरी दाता एक आहे आणि प्रत्येक कवीची दृष्टी सिंहासनाकडे आहे. दरबाराबाहेरच्या पेठेत शिंपी, रंगारी आणि व्यापारी रोजच्या व्यवहारासाठी एकमेकांची भाषा वापरीत असणार. चंपूत त्या व्यवहाराला स्थान नाही. औदार्याने दिलेले आणि सहवासाने मिळविलेले यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

आधुनिक मराठी वाङ्मयात सामाईक जागेचे प्रतीक म्हणून चाळ स्थिरावली. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (1958) या पुस्तकातील विनोदाचा उगम बिऱ्हाडाबिऱ्हाडांतील भिंतीच्या पातळपणात आहे. एकाचे उपवास, संगीत, प्रवासाचे बेत हे सर्वांचे विषय होतात. शेवटच्या चिंतनात हास्य ओसरून विषाद उरतो, आणि वाचकाला तो स्वतःचाच वाटतो. या पुस्तकाच्या लोकप्रियतेचे रहस्य त्यात आहे, पण त्याची मर्यादाही तेथेच आहे. त्या चिंतनात हळहळ आहे ती गेलेल्या जिव्हाळ्याची. चाळ कोणाची होती, हा प्रश्न तेथे धार धरीत नाही. भाडेकरूला 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने संरक्षण दिले, मालकी दिली नाही. गॅलरी वापरात सर्वांची असली तरी कागदोपत्री एकाचीच राहिली. चाळीवरील लेखन स्मरणरंजनाकडे वारंवार झुकते, याचे एक कारण या अर्धवट हक्कात शोधता येईल. जे आपले होते असे वाटते, पण कधीच आपले नव्हते, त्याची आठवण गोड करून सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (1963) या कादंबरीत हा गोडवा संपतो. तेथील झोपडीवासीयांना भाडेकरूचाही हक्क नाही. त्यांच्या जीवनातील सामाईकता निरुपायातून आली आहे आणि ती कोणत्याही क्षणी उखडली जाऊ शकते. चाळीच्या विनोदाला सुरक्षिततेचा पाया होता, हे 'चक्र' वाचल्यावर उमगते.

ही चर्चा पाण्यापर्यंत नेल्यावाचून पूर्ण होत नाही. जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेथे मालकी खाजगी होती, उपभोग मुक्त झाला. महाडच्या चवदार तळ्याची स्थिती नेमकी उलट होती. तळे नगरपालिकेचे, 1924 च्या ठरावाने खुले झालेले, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतरच्या दाव्यात विरोधकांनी आधार घेतला तो जुन्या रूढीचा, म्हणजे वहिवाटीचा. ही अनादी रूढी सिद्ध झाली नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने 1937 मध्ये दिला. वहिवाट हा शब्द मराठी मनाला प्रिय आहे. पावलांनी मळलेली वाट हक्क होते, ही कल्पना त्यात आहे. परंतु ज्यांना त्या वाटेवर पाऊलच ठेवू दिले नाही, त्यांच्याविरुद्धही तोच शब्द उभा करता येतो, हे महाडने दाखविले. दया पवारांचे 'बलुतं' (1978) चाळीच्या परंपरेशेजारी ठेवून वाचले, तर एकाच शहरातील जिव्हाळ्याची सीमा कोठे आखली होती ते स्पष्ट होते.

चिकपेटेच्या परिसराकडे पुन्हा वळले असता या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मराय मंदिरातून निघणारा करग तिगळ समाजाचा असतो. तो पेठांच्या गल्ल्यांतून फिरतो आणि तवक्कल मस्तानच्या दर्ग्यात थांबतो. रस्ता तिगळांच्या मालकीचा नाही, दर्गा तर नाहीच. तरीही त्या रात्रीचा त्यांचा हक्क कोणी नाकारीत नाही. येथे वहिवाट एकाला मार्ग देते, आणि दुसऱ्याचा मार्ग अडवीत नाही. मात्र ज्या संपंगी तळ्याच्या पाण्यावर तिगळांचे मळे पिकत, त्या तळ्याच्या जागी आज क्रीडांगण असून करगच्या विधीपुरते लहानसे जलाशय उरले आहे. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले, आणि तळ्यांची निकड ओसरली. क्रीडांगण आणि बसस्थानक सार्वजनिक आहेत, यात शंका नाही. पण सार्वजनिक म्हणजे सामाईक नव्हे. तळे राखण्यात तिगळांचा वाटा होता. क्रीडांगणात त्यांना इतरांप्रमाणे फक्त प्रवेश आहे.

नगरवाङ्मयाच्या समीक्षेने हा भेद पारखला पाहिजे. मालकी कोणाची, उपभोग कोणाचा आणि नकाराचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे चंपूत, चाळीत, महाडात आणि करगच्या वाटेवर वेगवेगळी येतात. सामाईकतेच्या ऊबदार चित्रणावर समीक्षा भाळते तेव्हा तिसरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. बंगळूरच्या जुन्या पेठांत घरी मराठी आणि दुकानात कन्नड बोलणारी भावसार व शिंपी कुटुंबे आजही आहेत. त्यांचे जीवन मराठी कथेच्या कक्षेत आणायचे, तर लेखकाला चाळीची स्मरणे पुरणार नाहीत. दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या रस्त्यावर, कोणाचाही मार्ग न अडविता आपली वाट मळविणे म्हणजे काय, याचा शोध त्याला घ्यावा लागेल.