पर्यायी यंत्रणेची सज्जता : राष्ट्रीय शेअर बाजारातील खंडाची चिकित्सा

प्रस्तावना
मुख्य संगणक यंत्रणा बंद पडल्यास तिची जागा घेण्यासाठी पर्यायी सर्व्हर उभारले जातात. ते उभारले की सुरक्षितता साधली, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घडलेल्या घटनेच्या आधारे या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन
त्या दिवशी सकाळी ११.४० वाजता थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. चेन्नई येथे आपत्कालीन केंद्र असूनही ते तिकडे हलविण्यात आले नाहीत. शेअर बाजाराच्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य केंद्र व त्याचे नजीकचे दुय्यम केंद्र यांना जोडणाऱ्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या बाधित झाल्या. मार्गावरील खोदकाम हे त्याचे कारण सांगण्यात आले. एकही नोंद हरवू नये यासाठी ही जोडणी होती. ती तुटल्यावर मुख्य केंद्राने स्वबळावर काम चालविणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात तेथील साठवण यंत्रणाच सर्व्हरना अप्राप्य झाली आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम-नियंत्रण प्रणाली थांबली.

यातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, संरक्षणासाठी केलेली योजनाच बिघाडाचे माध्यम ठरली. कंपन्या दोन असल्या म्हणजे धोके वेगळे होतात असे नाही. दुसरी, सौद्यांची यंत्रणा चालू व जोखीम-नियंत्रण बंद, अशा अर्धवट अवस्थेत आपत्ती केव्हा जाहीर करावी, हा निर्णय यंत्र घेत नाही. तो माणसांना घ्यावा लागतो. स्थलांतरात नोंदींचा मेळ न बसण्याची भीती असते, म्हणून मुख्य केंद्र दुरुस्त करण्याकडे कल राहणे स्वाभाविक आहे. परंतु या विलंबाची किंमत इतरांनी मोजली. बाजार नेहमीप्रमाणे ३.३० वाजता बंद होईल या धास्तीने अनेक दलालांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटविले. नंतर मात्र व्यवहार ५ वाजेपर्यंत चालले.

मार्च २०२१ मध्ये सेबीने आपत्ती जाहीर करण्यास ३० मिनिटांची व त्यानंतर कामकाज पूर्ववत करण्यास ४५ मिनिटांची मर्यादा घातली. पुढे २ मार्च व १८ मे २०२४ या शनिवारी विशेष सत्रे घेऊन पर्यायी केंद्रावर स्थलांतराचा सराव झाला. ही पावले स्वागतार्ह होत. तथापि, पूर्वघोषित सरावात यंत्राची परीक्षा होते, निर्णयाची होत नाही. कारण स्थलांतर करावयाचे की नाही, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

निष्कर्ष
पर्यायी यंत्रणेचे मूल्यमापन तिच्या अस्तित्वावरून करणे अपुरे आहे. ती शेवटची केव्हा प्रत्यक्ष चालविली आणि स्थलांतराचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न अधिक मूलभूत आहेत. परीक्षा व प्रवेशाच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या महाविद्यालयांनाही ते तितकेच लागू पडतात.