एफपीजीए बोर्ड : मोठ्या आकड्यांचा मोह

काही कनिष्ठ महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि मोजक्या उत्साही शाळा यांच्या प्रयोगशाळांत आता एफपीजीएचे विकसन-बोर्ड दिसू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र हे बोर्ड ज्या रीतीने निवडले जातात ती रीत आम्हाला काळजीची वाटते. माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा आणि दरपत्रकातला सर्वांत लहान आकडा यांची गाठ घातली की निवड झाली, असा समज आहे. प्रयोगशाळेला अनुदान काही दरवर्षी मिळत नाही. आज घेतलेला बोर्ड कपाटात गेला तर विद्यार्थ्यांच्या पुढच्या चार-सहा तुकड्या त्या शिक्षणाला मुकतात. म्हणून या निवडीची थोडी परखड चिकित्सा करणे आवश्यक आहे.

प्रथम एफपीजीए म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अकरावी-बारावीत आपण सत्यता सारणी शिकवतो. चार आदाने असतील तर सारणीत १६ ओळी होतात. या १६ ओळींची उत्तरे १६ बिटांच्या छोट्याशा स्मृतीत लिहून ठेवली, तर ती स्मृती चार आदानांच्या कोणत्याही तार्किक मंडलाची जागा घेऊ शकते. उत्तरे बदलली की मंडल बदलले! अशा हजारो सारण्या, त्यांच्या जोडीला फ्लिप-फ्लॉप आणि त्यांना हवे तसे जोडणाऱ्या तारांचे जाळे एका चिपवर असले की झाला एफपीजीए. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या पहिल्या एफपीजीएत असे अवघे ६४ तार्किक ठोकळे होते.

आता पहिला प्रश्न. आपल्याला एफपीजीए हवाच आहे काय? मायक्रोकंट्रोलर हा एकट्या आचाऱ्यासारखा असतो; एक काम उरकले की दुसरे हाती घेतो. एफपीजीए म्हणजे पंगतीतले वाढपी. भात, वरण, भाजी एकाच वेळी वाढली जाते. पाण्याच्या टाकीची पातळी पाहून पंप बंद करायचा असेल, तर एकटा आचारी पुरेसा आहे आणि स्वस्तही आहे. अनेक संकेत एकाच वेळी आणि काटेकोर वेळेत हाताळायचे असतील, तेव्हा एफपीजीएचा कस लागतो. नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, ३० अँटेना आहेत. तिच्या सुधारित यंत्रणेत अँटेनांच्या संकेतांना अंकीय रूप देऊन पुढे धाडण्याचे काम एफपीजीए बोर्डांकडे आहे, तर नंतरची मोठी आकडेमोड ग्राफिक्स प्रोसेसरांवर होते. म्हणजे तिथेही एफपीजीए जिथे शोभतो तिथेच वापरला आहे. खरेदीच्या प्रस्तावात 'कोणता प्रयोग?' हा रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न मोठ्या आकड्यांचा. डिजिलेंट कंपनीचा बेसिस-३ हा बोर्ड आर्टिक्स-७ घराण्यातील एफपीजीएवर बेतलेला आहे. त्याच्या माहितीपत्रकात ३३,२८० 'लॉजिक सेल' असल्याचे लिहिलेले असते. प्रत्यक्षात चिपवर ५,२०० स्लाइस असतात व प्रत्येकीत चार सारण्या, म्हणजे एकूण २०,८०० सारण्या. मग ३३,२८० कुठून आले? सहा आदानांची ही सारणी जुन्या चार आदानांच्या सारणीपेक्षा अधिक काम करते, म्हणून २०,८०० ला १.६ ने गुणले आहे! यात खोटे काही नाही. पण हा मोजलेला आकडा नव्हे, समतुल्य म्हणून मांडलेला आकडा आहे. दुसऱ्या कंपनीच्या 'लॉजिक एलिमेंट'शी त्याची थेट तुलना म्हणजे एकाचे माप शेरात आणि दुसऱ्याचे किलोत घेऊन कोण जड ते ठरवण्यासारखे आहे. सारण्या किती, त्या किती आदानांच्या आणि फ्लिप-फ्लॉप किती, एवढेच विचारावे.

शिवाय हजारोंची गरज तरी किती? २७ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळापासून एक सेकंद मोजायला २५ बिटांचा गणक लागतो, म्हणजे २५ फ्लिप-फ्लॉप. चौकातल्या सिग्नलचे सारे नियंत्रण थोडक्या सारण्यांत बसते. पिकोआरव्ही-३२ हा रिस्क-५ पद्धतीचा लहानसा प्रोसेसर सुमारे ७५० ते २,००० सारण्यांत मावतो. म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःच्या चिपवर स्वतःचा संगणक उभा करायचा असेल, तरी आठ-नऊ हजार सारण्यांचा बोर्ड पुरे.

अडचण येते ती बहुधा स्मृतीची, आणि तो आकडा कोणी पाहत नाही. बेसिस-३ वर व्हीजीए पडद्यासाठी १२ बिटांचे रंग मिळतात. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे एक पूर्ण चित्र साठवायला ३६,८६,४०० बिट लागतात. चिपमधली ठोकळा-स्मृती आहे १८,४३,२०० बिटांची, म्हणजे बरोबर निम्मी! बोर्डवर वेगळी रॅम नाही. ज्याला चलच्चित्रावर काम करायचे आहे त्याने हा बोर्ड घेतला, तर हजारो सारण्या रिकाम्या राहतील आणि काम मात्र अडेल. टेरासिकच्या डीई१०-लाइटवर ६४ मेगाबाइटची रॅम वेगळी दिलेली आहे. तिथे ही अडचण नाही.

तिसरा प्रश्न सॉफ्टवेअरचा. आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एफपीजीए कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय बहुधा मुका असतो. आजही स्वस्तात मिळणाऱ्या काही बोर्डांवर स्पार्टन-६ किंवा सायक्लोन-२ या जुन्या चिप असतात. स्पार्टन-६ साठी लागणाऱ्या आयएसई सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, १४.७, ही २०१३ सालची आहे. सायक्लोन-२ ला क्वार्टसने त्याच वर्षीच्या १३.० आवृत्तीनंतर सोडून दिले. असे बोर्ड घेणे म्हणजे ज्याचे सुटे भाग बंद झाले आहेत ते वाहन स्वस्त मिळाले म्हणून घेणे. उलट, लॅटिसच्या आयसीई-४० चिपांसाठी २०१५ सालच्या आइसस्टॉर्म प्रकल्पापासून पूर्णपणे मुक्त साधने उपलब्ध आहेत. कंपन्यांची मालकी बदलते. आल्टेरा २०१५ साली इंटेलकडे गेली, झायलिंक्स २०२२ साली एएमडीकडे. अशा वेळी मुक्त साधनांचा आधार मोलाचा ठरतो. आणखी एक व्यवहाराची बाब : बेसिस-३ साठी लागणारे विवाडो विनाशुल्क मिळते, पण ते कित्येक दहा गिगाबाइट जागा व्यापते. प्रयोगशाळेतले संगणक ते पेलतील काय, हे बोर्ड मागवण्याआधी पाहावे.

या कसोट्यांवर चार बोर्ड पारखून पाहू. बेसिस-३ वर १६ स्विच, १६ दिवे, पाच कळा आणि चार अंकांचा सप्तखंडी दर्शक आहे. तर्कशास्त्र डोळ्यांना दिसावे यासाठी इतका सोयीचा बोर्ड आमच्या पाहण्यात दुसरा नाही. किंमत आणि स्मृती या त्याच्या उण्या बाजू. डीई१०-लाइटवर दहा स्विच, दहा दिवे व सहा अंकांचे दर्शक आहेत, शिवाय त्वरणमापक आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला तो विशेष आवडेल, मात्र कळा दोनच आहेत. टँग नॅनो-९के वर चार आदानांच्या ८,६४० सारण्या आहेत, पण दिवे सहा आणि कळा दोनच. बाकी सारे ब्रेडबोर्डवर स्वतः जोडावे लागते. मात्र एका बेसिस-३ च्या किमतीत असे पाच-सहा बोर्ड तरी येतात. पिंक-झेड२ मध्ये एफपीजीएच्या जोडीला दोन गाभ्यांचा एआरएम प्रोसेसर आहे आणि तो पायथॉनमधून चालवता येतो. एम्बेडेड प्रणालीच्या पुढच्या अभ्यासाला तो उत्तम. नवशिक्याला मात्र घातक, कारण मुले पायथॉनच लिहीत बसतात आणि मंडल रचायचे राहूनच जाते.

एकच बोर्ड आणि त्याभोवती वीस मुले, असे दृश्य असेल तर आमचे मत बिनदिक्कत टँग नॅनोच्या बाजूने आहे. शिक्षकाने दाखवलेला दिवा आणि स्वतः पेटवलेला दिवा यांत फरक आहे. दोघा-तिघांत एक बोर्ड आला, तरच मूल चुकायला धजावते. आणि चुकल्याशिवाय रचनाशास्त्र येत नाही. वर्गासाठी एखादाच बेसिस-३ किंवा डीई१०-लाइट असला म्हणजे पुरे.

एक धोक्याची सूचना. या बोर्डांच्या पायांना ३.३ व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नाही, आणि शाळेत सर्रास वापरला जाणारा श्राव्यातीत अंतरमापक ५ व्होल्टचा संकेत देतो. मध्ये १ किलोओहम व २ किलोओहम रोधांचा विभाजक घातला की दाब सुमारे ३.३ व्होल्टवर येतो. दोन रोधांची किंमत ती काय! पण ते नसतील तर सारा बोर्डच गमावण्याची वेळ येऊ शकते.

शेवटी, अनुदान मिळालेच नाही तर? तर थांबू नये. आयकॅरस व्हेरिलॉग आणि जीटीके-वेव्ह ही साधने मोफत आहेत व जुन्या संगणकावरही चालतात. त्यांत मंडल लिहावे, चालवावे, तरंग पडद्यावर पाहावेत. पहिले सत्र असेच जावे, असा आमचा आग्रह आहे. या सत्रानंतर जो विद्यार्थी 'आता मला हे प्रत्यक्षात चालवायचे आहे' म्हणेल, त्याला किती सारण्या, किती स्मृती आणि किती कळा लागतील हे त्यालाच सांगता येईल. बोर्डाची मागणी त्याच्या वहीतून यावी, माहितीपत्रकातून नव्हे.